न उघडणाऱ्या छायाचित्रांचा इतिहास

२००४ च्या जानेवारीत फोटोशॉप वापरणाऱ्यांमध्ये एका तक्रारीची चर्चा सुरू झाली. फोटोशॉप सीएस ही तेव्हाची नवी आवृत्ती चलनी नोटांची चित्रे उघडायला नकार देत होती. अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नव्या नोटेचे स्कॅन स्वच्छ होते, फाइलमध्ये कसलाही बिघाड नव्हता आणि तेच चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विनातक्रार उघडत होते. फोटोशॉपमध्ये मात्र नोटांच्या चित्रांबाबतच्या नियमांची सूचना पडद्यावर येई आणि काम तिथेच थांबे. अखेर अॅडोबी कंपनीने मान्य केले, की बनावट नोटा रोखण्यासाठी स्थापन झालेल्या मध्यवर्ती बँकांच्या एका गटाने दिलेला भाग आपण या प्रोग्राममध्ये बसवला आहे. तो भाग नोट कशी ओळखतो, हे अॅडोबीलाही सांगितलेले नव्हते. बनावट नोटा रोखायला हव्यात, याबद्दल दुमत नाही. पण एरवी नजरेआड राहणारी एक गोष्ट या प्रसंगाने उघड्यावर आणली. निर्दोष फाइलसुद्धा संपादनाला नकार देऊ शकते, आणि तो नकार कुणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवलेला असू शकतो.

फोटो उघडला नाही, उघडला पण फिल्टर चालेनात, रंग उलटेसुलटे दिसू लागले, की आपल्याकडे स्टुडिओत काय किंवा डीटीपीच्या टेबलावर काय, पहिले वाक्य ठरलेले असते : फाइल करप्ट झाली. कधी ते खरेही असते. मेमरी कार्ड मध्येच काढले जाते, कॉपी करताना वीज जाते, हार्ड डिस्क दगा देते. पण डिजिटल छायाचित्रणाच्या गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर न उघडणाऱ्या फाइलींच्या मोठ्या पेचप्रसंगांत बिघाडाचा वाटा थोडा आणि मालकीचा वाटा मोठा आहे असे दिसते. चित्राचे आकडे फाइलमध्ये कोणत्या क्रमाने, कोणत्या रीतीने लिहिले आहेत याचे वर्णन कोणाच्या हातात होते, ते सर्वांसाठी खुले होते की नव्हते, आणि ते वापरण्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत होते का, या तीन प्रश्नांवर त्या चित्राचे भवितव्य ठरत गेले. तंत्र किती सरस होते, हा प्रश्न त्यानंतरचा. हे म्हणणे मांडताना त्याच्या विरोधात जाणारा पुरावाही तपासायला हवा, कारण तोही आहे.

संगणकात शिरलेले पहिले छायाचित्र १९५७ सालचे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्वतः बनवलेल्या स्कॅनरवर लावला आणि १७६ गुणिले १७६ बिंदूंचे काळे-पांढरे चित्र ‘सिअॅक’ नावाच्या संगणकात उतरवले. त्या चित्राला फाइलचा कोणताही ठरलेला प्रकार नव्हता. आकड्यांचा अर्थ त्या एका यंत्राला आणि ते चालवणाऱ्या माणसांना ठाऊक होता, तेवढे पुरेसे होते. पुढची तीसेक वर्षे साधारण असेच चालले. १९८५-८६ च्या सुमाराला टेबलावर मावणारे स्कॅनर विकले जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक स्कॅनर-कंपनीने आपापली लिहिण्याची रीत काढली होती. एकाचे चित्र दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये जात नसे. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. एकत्र बसून ठरवायची गरज तोवर कुणाला पडली नव्हती, इतकेच.

ती गरज पहिल्यांदा भासली छपाईला. पेजमेकर हा पानाच्या मांडणीचा प्रोग्राम १९८५ मध्ये आणणाऱ्या आल्डस कंपनीने १९८६ मध्ये टिफ या फाइल-प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मराठी छपाई-व्यवसायाने पुढे हाच पेजमेकर कित्येक वर्षे वापरला, त्यामुळे टिफ हे नाव आपल्याकडच्या जुन्या डीटीपीवाल्यांना घरचे वाटते. आल्डसचा स्वार्थ सरळ होता : सर्व स्कॅनरची चित्रे पानावर बसली, तर पेजमेकर जास्त खपेल. त्यासाठी कंपनीने जे केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. टिफची रचना खुणांवर उभी आहे. रुंदी किती, उंची किती, एका बिंदूला किती बिट, चित्र दाबून ठेवले असेल तर कोणत्या रीतीने, अशा प्रत्येक माहितीला एक क्रमांक दिलेला असतो. फाइलच्या सुरुवातीलाच दोन अक्षरे सांगतात, की पुढचे आकडे इंटेलच्या पद्धतीने कमी किमतीच्या बाइटपासून लिहिले आहेत की मोटोरोलाच्या पद्धतीने जास्त किमतीच्या बाइटपासून. म्हणजे त्या काळच्या दोन भांडणाऱ्या यंत्र-जातींपैकी एकीचीही बाजू न घेता दोघींना जागा दिली. त्यानंतर ४२ हा आकडा येतो आणि ही खरोखरच टिफ आहे याची खात्री पटवतो. हे सारे छापील कागदावर, कुणालाही मिळेल असे. १९९२ ची सहावी आवृत्ती ही टिफची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. १९९४ मध्ये आल्डस अॅडोबीत विलीन झाली, कंपनीचे नाव पुसले गेले. तरी त्या काळातली टिफ आजच्या जवळजवळ कोणत्याही चांगल्या प्रोग्राममध्ये उघडते. टिफमध्ये दोष होते. खुणा इतक्या मोकळ्या ठेवल्या होत्या, की कंपन्यांनी आपापल्या खासगी खुणा घुसवल्या आणि काही टिफ काही ठिकाणी अडू लागल्या. पण अडलेली टिफ सोडवता येत असे, कारण नकाशा सर्वांकडे होता.

याच्या नेमके उलटे घडले जिफचे. १९८७ च्या जूनमध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने हा प्रकार तयार केला. टेलिफोनच्या तारेवरून मंद गतीने चित्र पाठवायचे, म्हणून फाइल लहान हवी. त्यासाठी प्रत्येक बिंदूला पूर्ण रंग न देता चित्रासाठी जास्तीत जास्त २५६ रंगांचा एक तक्ता करायचा आणि बिंदूच्या जागी त्या तक्त्यातला फक्त क्रमांक लिहायचा, अशी युक्ती केली. जिफ फोटोशॉपमध्ये उघडल्यावर फिल्टर करड्या रंगात बंद का दिसतात आणि लेयरला कुलूप का असते, याचे उत्तर १९८७ च्या या काटकसरीत आहे. धूसर करायला, उजळायला दोन रंगांच्या मधला रंग लागतो. क्रमांक ७ आणि क्रमांक ९ यांची सरासरी क्रमांक ८, पण तक्त्यात आठव्या जागी भलताच रंग असू शकतो. म्हणून प्रोग्राम आधी चित्र आरजीबीत न्यायला लावतो आणि मगच हात लावू देतो. हा नकार रास्त आहे, आणि एका आज्ञेने सुटतो.

जिफचा दुसरा नकार मात्र एका आज्ञेने सुटणारा नव्हता. तक्त्यातले क्रमांक दाबून ठेवण्यासाठी वापरलेली एलझेडडब्ल्यू ही रीत लेम्पेल आणि झिव्ह यांच्या कामावरून टेरी वेल्श यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि तिचे पेटंट १९८५ च्या डिसेंबरमध्ये मंजूर होऊन पुढे युनिसिस कंपनीकडे होते. जिफचे वर्णन जाहीर होते. पण त्या वर्णनाच्या पोटात दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होती. १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झाले, की जिफ लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला यापुढे परवाना घ्यावा लागेल. तोवर जिफ जगभर पसरलेली होती. मोठ्या कंपन्यांनी पैसे भरले. फुकट वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांपुढे दोनच वाटा उरल्या : जिफ लिहिणे बंद करायचे, किंवा मुद्दाम न दाबलेल्या, अवजड जिफ लिहायच्या. थॉमस बुटेल यांच्या ‘जीडी’ या चित्रे बनवणाऱ्या लोकप्रिय कोड-संग्रहातून १९९९ मध्ये जिफ काढून टाकली गेली आणि पेटंटची मुदत संपल्यावर २००४ मध्ये परत आली. या पाच वर्षांत त्या फाइलींच्या एका बिटातही फरक पडला नव्हता. या बुटेल यांच्याच पुढाकाराने १९९५ च्या जानेवारीत काही प्रोग्रामर जमले आणि त्यांनी पेटंटमुक्त पीएनजी बनवली. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे पहिले अधिकृत वर्णन आले. तंत्रदृष्ट्या पीएनजी जिफपेक्षा सरस होती हे खरे, पण ती जन्मली ती सरस होण्यासाठी नव्हे. कुणाची परवानगी न मागता चित्र लिहिता यावे, एवढ्यासाठी ती जन्मली.

जेपेगची हकिगत मला या साऱ्यांत सर्वांत बोधक वाटते, आणि तिच्यात भारतीय वाटा आहे म्हणून जवळचीही. जेपेगच्या पोटातली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही गणिती रीत बंगळूरचे नासीर अहमद यांना सुचली. अमेरिकेत १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी अनुदान मागितले तेव्हा ते नाकारले गेले. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले आणि १९७४ च्या जानेवारीत निबंध प्रसिद्ध झाला. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातली ठळक वळणे ठेवायची आणि डोळ्याला न जाणवणारी बारीक वळणे सोडायची, असे तिचे ढोबळ काम. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने १९९२ मध्ये ती रीत प्रमाण म्हणून मान्य केली. पण या प्रमाणात एक मोठी पोकळी राहिली होती. चित्र कसे दाबायचे हे त्यात होते. त्याची फाइल कशी बांधायची, रंग कोणत्या पद्धतीचे समजायचे, हे नीट नव्हते. ती पोकळी समितीबाहेरच्यांनी भरली. सी-क्यूब कंपनीतल्या एरिक हॅमिल्टन यांनी जेफिफ नावाचे साधे वेष्टण सुचवले, आणि टॉम लेन यांच्या नेतृत्वाखालच्या स्वयंसेवकांच्या गटाने १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये जेपेग वाचणारा-लिहिणारा कोड फुकट वाटला. कुणीही घ्या, विकाऊ प्रोग्राममध्येही वापरा. जेपेग जगभर पोचली ती या दोन गोष्टींमुळे.

जेपेग जिथे अडली तिथेही हाच धागा सापडतो. प्रमाणात अंकगणिती संकेतन नावाचा एक अधिक काटकसरी पर्याय होता. त्यावर पेटंटे होती, म्हणून त्याला जवळजवळ कुणीच हात लावला नाही आणि तशी फाइल आजही बहुतेक प्रोग्रामना वाचता येत नाही. छपाईसाठीच्या चार रंगांच्या जेपेगबद्दल जेफिफने काहीच सांगितले नव्हते, तेव्हा फोटोशॉपने आपल्या पद्धतीने, उलट्या आकड्यांत ते रंग लिहिले. ज्या प्रोग्रामना ही खूण कळली नाही त्यांत छापखान्याकडून आलेला फोटो निगेटिव्हसारखा दिसू लागला. वर्तमानपत्राच्या कार्यालयात काम केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. आणि २००२ मध्ये फॉर्जंट नावाच्या कंपनीने जुन्या खरेदीतून हाती आलेले एक पेटंट काढून सगळ्या जेपेगवर हक्क सांगितला, तीसेक कंपन्यांकडून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम वसूल केली आणि २००४ मध्ये आणखी ३१ कंपन्यांना कोर्टात खेचले. २००६ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने त्या पेटंटचे मुख्य दावे फेटाळले, तेव्हा हे थांबले. जेपेग वाचली, पण प्रमाण मान्य होऊन चौदा वर्षांनीही तिच्यावर टांगती तलवार असू शकते, हे त्यातून कळले.

आता ज्या फाइलीचे वर्णन मालकाने कधी मोकळे केले नाही, तिचे काय झाले ते पाहू. कोडॅकने १९९२ मध्ये फोटो सीडी बाजारात आणली. फिल्म धुवायला द्यायची आणि तिच्याबरोबर शंभरेक चित्रांची चकती घ्यायची. प्रत्येक चित्र पाच आकारांत, सर्वांत मोठे ३०७२ गुणिले २०४८ बिंदूंचे. १९९२ च्या मानाने ही गुणवत्ता थक्क करणारी होती. त्या वेळच्या सामान्य संगणकाच्या पडद्यावर तिचा दहावा हिस्साही मावत नसे. पण चित्रे कोडॅकच्या खास रंगपद्धतीत होती आणि ती उघडायची किल्ली कोडॅककडे. व्यवसाय चालला नाही, कंपनीचे लक्ष उडाले, फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय निघून गेली, आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या चित्रांचा काही भाग आज उघडता येतो, तो काही प्रोग्रामरांनी चकत्या तपासून रचना स्वतः उलगडली म्हणून. कमी गुणवत्तेची जेपेग टिकली आणि अधिक गुणवत्तेची फोटो सीडी अडगळीत गेली.

हीच कहाणी मोठ्या प्रमाणावर घडली ती कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींबाबत. रॉ म्हणजे चित्र नव्हे, चित्राचा कच्चा माल. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७५ मध्ये पेटंटसाठी दिलेल्या रचनेनुसार सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते : निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर लाल, पाव बिंदूंवर निळी. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अदमासाने काढावे लागतात. कॅमेरा हे काम आतच करून जेपेग देतो. रॉ दिली तर ते काम संपादकाच्या हाती राहते. म्हणून रॉ फाइल थेट रंगवता येत नाही, आधी ती ‘धुवावी’ लागते, आणि धुण्यासाठी सेन्सरची माहिती लागते. निकॉनची एनईएफ आणि कॅननची सीआर२ या दोन्ही फाइली आतून टिफच्याच सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. इतक्या की एनईएफला टिफ समजून उघडणाऱ्या साध्या प्रोग्रामच्या हाती मूळ चित्राऐवजी इवलेसे थंबनेल लागते आणि वापरणारा चक्रावतो. सांगाडा सार्वजनिक, मजकूर खासगी. १९९७ च्या फेब्रुवारीत डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने डीसीरॉ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला आणि पुढची दोन दशके नवा कॅमेरा आला की त्याची फाइल उलगडत राहिला. अनेक मोफत आणि विकाऊ संपादकांचा पाया या एका माणसाच्या चिकाटीवर उभा आहे. अॅडोबीने २००३ मध्ये फोटोशॉप ७ साठी रॉ उघडणारा जोड-भाग वेगळे ९९ डॉलर घेऊन विकला, पुढच्या आवृत्तीत तो आतच बसवला.

२००५ च्या एप्रिलमध्ये वाद पेटला. फोटोशॉपचे एक जनक थॉमस नॉल यांनी जाहीरपणे सांगितले, की निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या एनईएफमध्ये व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक कुलपात ठेवली आहे, आणि ते कुलूप उघडले तर अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली आपल्यावर खटला होण्याची भीती आहे. म्हणजे छायाचित्रकाराने स्वतः, स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोतला प्रकाश पिवळा होता की निळा, ही माहिती दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामला वाचण्याची मनाई. निकॉनने उत्तर दिले, की आम्ही खऱ्याखुऱ्या सॉफ्टवेअर-कंपन्यांना अर्ज केल्यावर आमची साधने देतो. पण ती साधने निकॉन ठरवेल त्याला, निकॉन ठरवेल त्या अटींवर. कॉफिन यांनी ते कुलूप लवकरच उलगडले. त्याच महिन्यात छायाचित्रकारांनी ‘ओपनरॉ’ ही चळवळ सुरू केली आणि कॅमेरा-कंपन्यांनी रॉचे वर्णन प्रसिद्ध करावे अशी मागणी केली. भारतीय कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे, हे इथे नोंदवायला हवे. आपल्या कॉपीराइट कायद्यात एका प्रोग्रामचा दुसऱ्याशी मेळ बसवण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवायला मुभा आहे, आणि २०१२ मध्ये कुलूप तोडण्याबद्दल जोडलेल्या ६५-अ या कलमात हक्कभंगाचा हेतू असणे ही अट आहे.

कॅमेरा-कंपन्यांची बाजू अशी, की सेन्सर आम्ही घडवतो, त्याचे गुणदोष आम्हालाच कळतात, आणि सगळे उघड केले तर प्रतिस्पर्ध्याला आयते मिळेल. यात तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. आकडे कुठे लिहिले आहेत हे सांगणे एक. त्या आकड्यांतून सुंदर त्वचेचा रंग कसा काढायचा हे सांगणे दुसरे. दुसरे गुपित कंपनीने जरूर ठेवावे. पहिले गुपित ठेवून तिला काही मिळत नाही, कारण प्रतिस्पर्धी कंपनीला ते काही आठवड्यांत उलगडता येते. अडतो तो छायाचित्रकार. आणि व्हाइट बॅलन्सची खूण हे काही सेन्सरचे रहस्य नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सामाईक प्रमाण ठरले की नवे काही करायला वाव उरत नाही. २००४ च्या सप्टेंबरमध्ये अॅडोबीने टिफवर आधारलेली डीएनजी ही सार्वजनिक रॉ जाहीर केली, तेव्हा हेच म्हटले गेले. प्रत्यक्षात काय झाले? फुजीने २०१२ मध्ये सहा गुणिले सहाच्या वेगळ्याच रंगरचनेचा सेन्सर आणला, तरी त्या फाइली डीएनजीत बदलता येतात. एकावर एक तीन थर असलेला सेन्सर बनवणाऱ्या सिग्माने २०१६ मध्ये एका कॅमेऱ्यात स्वतःच डीएनजी दिली. लायका, पेंटॅक्स यांनी ती स्वीकारली, अॅपलने २०२० मध्ये फोनमधल्या आपल्या रॉसाठी तीच घेतली. डीएनजीवर अॅडोबीचे नियंत्रण आहे आणि अॅडोबीला त्यात स्वतःचा फायदा दिसतो, ही तक्रार खरी. आल्डसलाही टिफमध्ये फायदाच दिसत होता. प्रश्न फायदा कुणाला होतो हा नसून, उद्या ती कंपनी नसली तर फाइल वाचता येईल का, हा आहे. कॅनन, निकॉन आणि सोनी यांनी मात्र आपल्या मुख्य कॅमेऱ्यांसाठी आपापल्या रॉ कायम ठेवल्या. कॅननने २०१८ मध्ये सीआर३ आणली तेव्हा तर टिफचा सांगाडाही सोडला.

माझ्या म्हणण्याला खरा धक्का देणारा पुरावा वेबपीचा आहे. गूगलने २०१० मध्ये हा प्रकार जाहीर केला, वर्णन खुले, पैसे नाहीत. तरी फोटोशॉपने तो स्वतःहून उघडायला २०२२ उजाडावे लागले. बारा वर्षे लोक वेबवरून उतरवलेल्या चित्राचे नाव बदलून जेपीजी करत राहिले आणि ते उघडत नाही म्हणून वैतागत राहिले. नाव बदलून काही होत नाही, कारण चांगला प्रोग्राम फाइलच्या आतले पहिले बाइट वाचतो. तेव्हा खुलेपणा पुरेसा नाही, हे कबूल करायला हवे. मोठ्या प्रोग्रामच्या मालकाची इच्छाही लागते. पण त्या बारा वर्षांत वेबपी उघडणारे इतर प्रोग्राम होते, आणि फोटोशॉपसाठी फुकट जोड-भागही मिळत होता. खुल्या प्रकारात वाट लांब पडते. बंद प्रकारात ती नसतेच. बिघडलेल्या फाइलींनाही हे लागू पडते. पुसलेल्या कार्डावरून फोटो परत मिळवणारा फोटोरेकसारखा प्रोग्राम कार्डावर जेपेगच्या, टिफच्या, पीएनजीच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातो. खुणा जगजाहीर आहेत म्हणूनच त्याला ते जमते.

मराठी वाचकाला हा प्रश्न समजावून सांगायची खरे तर गरज नाही. नव्वदच्या दशकात आपण मराठी मजकूर प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र संकेतांतल्या फॉन्टमध्ये टाइप केला, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पुस्तकेच्या पुस्तके रोमन अक्षरांचा कचरा होऊन पडली. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये होती. ती सर्वत्र वापरात येईपर्यंतच्या मधल्या काळातले किती लेखन आज वाचता येत नाही, हे कोणत्याही जुन्या प्रकाशकाला विचारावे. चित्रांच्या बाबतीत तो काळ अजून संपलेला नाही. अॅपलने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आयफोनमध्ये हेइक ही फाइल मूळ पसंती म्हणून ठेवली. जागा कमी, गुणवत्ता चांगली. पण आतली एचईव्हीसी रीत पेटंटधारकांच्या निरनिराळ्या गटांमध्ये वाटलेली. विंडोजवर तिचा विस्तार-भाग पैसे देऊन घ्यावा लागे. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘एपी’ परीक्षा महासाथीमुळे घरून झाल्या, तेव्हा आयफोनने उत्तरपत्रिकेचा फोटो काढून पाठवणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या हेइक फाइली परीक्षामंडळाच्या यंत्रणेने घेतल्याच नाहीत आणि त्यांना परीक्षा पुन्हा द्यायची वेळ आली. निकॉनच्या २०२१ च्या झेड९ मधली नवी काटकसरी रॉ एका बेल्जियन कंपनीच्या पेटंटी तंत्रावर चालते. अॅडोबी ती उघडते, मोफत संपादकांना मात्र ती दीर्घकाळ उघडता आली नाही.

ज्यांच्याकडे लग्नाचे, समारंभांचे, गावच्या जत्रांचे, संस्थांच्या कार्यक्रमांचे पंधरा-वीस वर्षांचे रॉ साठे पडून आहेत, त्यांना म्हणून एक कळकळीची विनंती. फोटोशॉप सीएस६ वर काम करणाऱ्या स्टुडिओला नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडत नसेल, तर फाइलला दोष देऊ नका. त्या आवृत्तीला नव्या कॅमेऱ्यांची माहिती देणे अॅडोबीने २०१५ मध्ये थांबवले आहे. अॅडोबीचाच मोफत डीएनजी कन्व्हर्टर ती फाइल बदलून देतो. जुन्या रॉ आज उघडत आहेत तोवरच त्यांच्या डीएनजी प्रती करून ठेवा, निवडक चित्रांच्या टिफ काढा, आणि मूळ फाइली पुसू नका. कुणाच्या कपाटात कोडॅकची फोटो सीडी असेल, तर तिचे काम सर्वांत आधी घ्या.